सूर्यचुलीवरचं दूध

हिवरखेडच्या आमच्या दत्तमंदिरात नैवेद्य रांधायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. पहाटे आंघोळ, सूर्याला अर्घ्य, मग सोवळ्यानं मंदिरामागच्या खोलीत चूल पेटवायची. देव जेवल्याशिवाय माझ्या तोंडात घास नाही. हा नेम मला कुणी लावून दिला नव्हता, माझा मीच धरला होता.

पंचावन्न साली डोळ्यांनी दगा दिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. म्हणाले, "बाई, धूर सोडा, नाहीतर दिसणं सुटेल." मी हे कुणाला सांगितलं नाही. पण एके दिवशी खिरीत साखरेऐवजी मीठ पडलं आणि मंदिराचे पंच महादेवराव यांच्या लक्षात आलं. ते हळूच म्हणाले, "रुख्मिणीबाई, पाडव्यापासून मैनाबाई रांधतीन. तुमी निवांत बसून नाव घ्या."

बसून नाव घेता येतंच की. पण मी ते तांदूळ धुताना, आधण येताना घेत आले होते. रिकाम्या हातांनी ते कसं घ्यायचं, मला ठाऊक नव्हतं.

पौषात अकोल्याहून खुशालराव नावाचे गृहस्थ आले. सोबत गाडीच्या चाकाएवढी चकचकीत परात आणि तिला धरायला लोखंडी घोडी. म्हणाले, "हे सूर्यचूल. लाकूड नाई, धूर नाई. उन्हावर सयपाक."

"मंदिरातच कावून आनली?" महादेवरावांनी विचारलं.

"देवानं घेतली का मानसं घेतात, दादा. सात मंदिरं झाले. कोनी हसलं, कोनी चहा पाजला. घेतली कोनीच नाई."

मैनाबाई परातीत वाकून पाहत म्हणाली, "माय वं! यात तं माह्या नाकातला खडाई मोठा दिसून राहिला. सयपाक नाई झाला तं आरसा म्हनून ठेवू."

महादेवराव मात्र हसले नाहीत. "विस्तवाबिगर नैवेद्य चालते का, हे मले समजत नाई," ते म्हणाले. "रथसप्तमीले या. सूर्याचाच दिवस हाये. त्याच्या उन्हानं त्याचं दूध उतू गेलं, तं मी समजीन का त्याले चालते."

रथसप्तमीला आम्ही बायका अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध तापवतो आणि सूर्यासमोर ते उतू जाऊ देतो. उतू गेलं की वर्ष भरभरून जातं, अशी आमची श्रद्धा. त्या दिवशी मी गोवऱ्या रचल्याच नाहीत. खुशालरावांनी मागितलं म्हणून धुरानं काळं झालेलं जुनं बोळकं दिलं. काळ्यावर ऊन धरतं म्हणे. परातीसमोरच्या कडीत ते बसवलं. परातीतून उसळलेलं ऊन त्याच्या बुडाशी एका ठिकाणी गोळा झालं.

बायका गाणी म्हणत बसल्या. खुशालराव दर थोड्या वेळानं परात सूर्याकडे फिरवत. दुधावर साय धरली, कडेला बुडबुडे आले आणि एकदम ते वर चढलं.

तेवढ्यात खुशालरावांनी सांडशीनं बोळकं उचललं.

गाणं थांबलं. कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं. खुशालरावांचा चेहरा उतरला. "परातीवर सांडलं तं चकाकी जाते," ते पुटपुटले. "हाताले सवयच लागली, बाई. मले काय मालूम नाई का रथसप्तमी?"

दूध खाली बसलं. महादेवराव उठून उभे राहिले. आता ते जातील आणि पाडव्याला माझं रांधणं सुटेल, हे मला दिसलं. मंदिरात माझा आवाज कधी चढला नव्हता. तो चढला.

"ठेवा ते परत! उतू जाऊ द्या!"

खुशालराव परातीकडे पाहत राहिले. त्यांच्याजवळ दाखवायला ती एकच होती आणि दोन दिवसांनी त्यांना बाळापूरच्या मंदिरात जायचं होतं. मग त्यांनी बोळकं कडीत ठेवलं.

पण ऊन सरकलं होतं. उजेडाचा ठिपका बोळकं सोडून बाजूला पडला होता. खुशालराव घोडीचा खिळा शोधेपर्यंत मी दोन्ही हातांनी परात लोटली. सूर्य कुठून कुठे जातो हे रोज अर्घ्य देणाऱ्या बाईला डोळे मिटूनही कळतं. ठिपका बुडाशी आला. दूध परत चढलं, काठावर थरथरलं आणि परातीवर भळभळा सांडलं. जळक्या दुधाचा वास सुटला. महादेवरावांनी हात जोडले.

खुशालरावांनी ओल्या फडक्यानं पुसपुस पुसलं. तळहाताएवढा डाग राहिलाच. "आता हे कुठी दाखवता येनार नाई," ते म्हणाले.

"मंग दाखवता कायले?" महादेवराव म्हणाले. "इथीच राहू द्या."

पाडव्याला मीच रांधलं. डागामुळे की काय, भाताला उशीर लागतो. नैवेद्य बारावरून साडेबारावर गेला. "देवाले आता उशिरा भूक लागते," मैनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आभाळ आलं की मात्र चूल तिची. आषाढात मी दाराशी माळ घेऊन बसते. आतून धूर येतो, मैनाबाईचा खोकला येतो. पहिल्या वर्षी मणी नुसते पुढे सरकत; लक्ष सगळं ढगांकडे. आता थोडं थोडं नाव येतं.