सिद्धनाथचा डावा पाय

मित्रांनो, मी वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं कोंबून नेणारी, जीप आहे. जुनी म्हणा, खटारा म्हणा, मला आता कशाचंच वाईट वाटत नाही. अक्कलकोटच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक घर आहे. त्याच्या अंगणात लिंबाखाली मी उभी असते. टायरांतली हवा कधीच गेली. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालतात आणि सध्या माझा तेवढाच उपयोग उरला आहे. माझ्या वयाच्या गाड्या कहाणी सांगायला बसल्या की आपला थाट आधी सांगतात. थाट माझाही होता, पण त्याचं कौतुक राहू द्या. मला सांगायचं आहे ते माझा मालक सिद्धनाथ आणि त्याची बायको बाळाबाई यांच्याबद्दल.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा बिनगिअरची गाडी आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. गाडी म्हटली की खाली तीन पेडल असायचीच. उजव्या पायाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, डाव्या पायाला क्लच. गिअर बदलायचा तर आधी क्लच दाबायचा, मग दांडा सरकवायचा. माझा क्लच पहिल्यापासून जड. सीटला पाठ टेकून, अंगातला सगळा जोर डाव्या पायात आणून तो पार तळापर्यंत रेटावा लागायचा. अर्धवट दाबला की गिअर करकरायचा आणि मागची माणसं 'नवीन हाय वाटतं' म्हणत हसायची. सिद्धनाथला कधी कुणी हसलं नाही. त्याचा डावा पाय डोक्याला न विचारता काम करायचा.

अक्कलकोट ते सोलापूर अशा आमच्या खेपा चालायच्या. सरकारी हिशेबानं माझ्यात किती माणसं बसावीत ते सोडून द्या. मागं बसायची, टपावर बसायची, आणि पुढं सिद्धनाथ धरून चौघं. माझ्या गिअरचा दांडा मधल्या माणसाच्या दोन गुडघ्यांमध्ये यायचा. "पाव्हणं, तिसरा टाकतो, जरा गुडगा घ्या की," असं सिद्धनाथ म्हणायचा आणि पाव्हणं गुडघा घ्यायचे. अर्धी माणसं मराठीत भांडायची, अर्धी कन्नडमध्ये. मागून "निल्सरी" अशी आरोळी आली की थांबायचं, एवढं कन्नड मलाही येत होतं.

गावागावाची गाडी हाकायची रीत निराळी असते बरं का. सिद्धनाथचा मुलगा युवराज पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडची रीत घेऊन आला. काचा बंद, नजर समोर, आणि बोलायचं ते हॉर्ननं. आमच्याकडे बोलायचं ते हातानं. उजवा हात खिडकीबाहेर काढून पुढं ओवाळला की 'जा बाबा पुढं'. पंजा खाली करून दाबल्यासारखा हलवला की 'दमानं घे, पुढं काहीतरी हाय'. मागचा ट्रकवाला कुठलाही असो, हा हात त्याला कळायचा.

मेंढरांची रीत तर सगळ्यांत वेगळी. सिद्धनाथच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, त्यामुळे ही रीत त्याला घरातूनच मिळालेली. रस्त्यावर कळप आला की हॉर्न मारायचा नाही, मेंढरू बिचकून चाकाखालीच येतं. गाडी एकदम थांबवायचीही नाही. लांबूनच क्लच तळाला न्यायचा, एकेक गिअर खाली आणायचा, बाहेर हात दाखवून मागच्याला दमानं घ्यायला लावायचं आणि अर्ध्या क्लचवर गाडी नुसती सरकती ठेवायची. कळप आपसूक दुभंगतो. इतक्या वर्षांत आम्ही कळपांतून किती वेळा गेलो असू, पण एका कोकराचा खूरही माझ्या चाकाला लागला नाही. याचा मला गर्व होता आणि आजही आहे.

मग दिवस फिरले. रस्ता चौपदरी झाला, वडाप मोडीत निघालं. सोलापूरच्या भवानी पेठेतला माझा फिटर सिद्धनाथला म्हणू लागला की तुझ्या क्लचचं सामान आता शोधावं लागतं, गिऱ्हाइकं बिनगिअरच्या गाड्या घेऊन येतात. त्यातच बाळाबाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सोलापूरच्या दवाखान्यात नेऊन डायलिसिस करायचं, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर माणूस जगत नाही. मशीनवरून उठलेल्या माणसाला एसटीच्या पायऱ्याही चढवत नाहीत. म्हणून सिद्धनाथ तिला माझ्यातून नेऊ लागला. ती पुढंच बसायची, दांड्याला खेटून. सिद्धनाथला 'गुडगा घे' असं म्हणावंच लागायचं नाही. इंजिनाचा आवाज चढला की ती आपणच गुडघा बाजूला घ्यायची, आणि तो गिअर टाकायचा. वडापाच्या सगळ्या गर्दीपेक्षा मला या दोघांच्या खेपा जास्त आवडल्या. बाई आजारी होती आणि मी मनातून सुखात होते, असं हे गाडीचं मन.

त्या सुखाचा कोळसा केला सिद्धनाथच्या डाव्या गुडघ्यानं. माझा क्लच दाबून दाबून तो पार झिजला. एकदा सोलापुरातल्या सिग्नलला त्याला क्लच दाबवेना. मी आचके देऊन बंद पडले, मागच्या गाड्या बोंबलू लागल्या, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, क्लचची गाडी बंद. आता बाळाबाईला दवाखान्यात न्यायचं कुणी, हा एकच प्रश्न घरात उरला.

युवराज वाईट मुलगा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं गावानं त्याला नाही नाही ते म्हटलं. आई-बापाला पुण्याला चला म्हणून तो विनवून थकला. बाळाबाई म्हणाली, "मरायचं ते आपल्या दारात. तितं कोण हाय आमचं?" तेव्हा तो पांढरीशुभ्र बिनगिअरची गाडी घेऊन आला आणि माझ्या शेजारी लावली.

"आप्पा, हिला क्लचच न्हाय. डाव्या पायाला कामच न्हाय. मागं घेऊन नुसता ठेवायचा."

"मग ती चालवायची तरी काय?" सिद्धनाथ म्हणाला. "आपली आपनच चालती की."

त्या रविवारी दोघं नव्या रस्त्यावर गेले. पहिल्यांदा सिद्धनाथचा डावा पाय सवयीनं पुढं आला आणि क्लचच्या जागेपर्यंत पसरलेल्या रुंद ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी खिळली, युवराजचं कपाळ पुढं आपटलं. घरी येऊन ते सांगताना दोघंही हसत होते. बाळाबाई मात्र हसली नाही. तिनं एक तोड काढली.

"अवं, डाव्या पायातली चप्पल काडूनच बसत जावा. उगड्या पायाला ध्यान ऱ्हातं."

तोड चालली. संध्याकाळपर्यंत सिद्धनाथ झोकात गाडी फिरवू लागला. रस्ता मोकळा होता, आडवं काही आलं नाही. युवराज खूश झाला. "आप्पा, तुमाला येती गाडी," असं म्हणून त्यानं रात्रीची बस धरली. रजा नव्हती बिचाऱ्याला.

पुढं बऱ्याच खेपा नीट झाल्या. मी लिंबाखालून बघत असायचे. बाळाबाई आता मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी व्हायची. मशीनवरून उठल्यावर तिला थंडी वाजते म्हणून काचा वर असायच्या. दवाखान्यातून आली की ती पूर्वीसारखी पिळून निघालेली दिसायची नाही. मला मत्सर वाटला, लपवत नाही. पण बाई टिकत होती. त्या पांढरीनं माझी जागा घेतली तर घेऊ दे, असं मी स्वतःला समजावलं.

ज्या दुपारी ते घडलं, तेव्हा मी तिथं नव्हते. अंगणात येऊन बसलेल्या माणसांच्या तोंडून मला कळलं, आणि उरलेलं सिद्धनाथच्या.

ती दोघं दवाखान्यातून परत येत होती. बाळाबाई मागं झोपली होती. त्यांच्या मागं सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला ट्रक होता. पुढं दुभाजकाच्या फटीतून धोंडीराम धनगराचा कळप रस्त्यावर उतरला. बराच लांब होता. नव्या गाडीत उजवा पाय नुसता उचलला असता तरी पुरलं असतं. पण सिद्धनाथला मेंढरं दिसली आणि त्याच्या अंगानं वर्षानुवर्षांची रीत धरली. उजवा हात बाहेर जायला निघाला तो काचेवर आदळला. आणि डावा पाय उठला, पुढं आला, माझा जड क्लच दाबायच्या जोरानं तळापर्यंत गेला. तिथं क्लच नव्हता.

भर वेगातली गाडी मोकळ्या रस्त्यावर उभी राहिली. ट्रकवाल्याला काय कळणार? पुढचा माणूस कशाला थांबला हे कळायच्या आत तो मागून घुसला. सिद्धनाथला खरचटलंसुद्धा नाही. बाळाबाई मागच्या सीटवर होती. ती झोपेतून उठलीच नाही, असं लोक म्हणतात. तसंच असू दे.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, अंगणात भावकी जमली. युवराज माझ्या चाकाला टेकून बसला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, मेंढरं रस्त्यावर आणली म्हणून बाई गेली. धोंडीरामवर तक्रार करायची, त्याला जन्माची अद्दल घडवायची. युवराज मान हलवत होता. त्याला धरायला काहीतरी हवं होतं.

तेवढ्यात धोंडीराम स्वतःच आला. खांद्यावर घोंगडं, पायात काही नाही. अंगणात पाऊल न टाकता कुंपणाबाहेरच उकिडवा बसला.

"अण्णा," तो सिद्धनाथला म्हणाला, "तुमी सांगाल ती शिक्षा मान्य हाय. माजी मेंढरं नसती तर वैनी घरी आल्या असत्या."

कुणीतरी उठून त्याच्या अंगावर धावला. सिद्धनाथनं तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं. तो दुखरा गुडघा धरून उभा राहिला.

"त्याला हात लावू नगा. मेंढरं लांब हुती. मेंढरांनी काय केलं न्हाय."

"आप्पा, तुमाला आता काय सुदरत न्हाय. तुमी बसा," युवराज म्हणाला.

"मला समदं सुदरतंय. ब्रेक माज्या डाव्या पायानं दाबला. पाय उगडा हुता, पेडलचं रबर तळपायाला लागलं. त्यावरनंच मला कळलं, तवर ट्रक येऊन बसला हुता."

 धोंडीराम घोंगड्यात तोंड घालून रडू लागला. युवराजचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. बाप खरं बोलला आणि धनगर सुटला, पण त्या खऱ्याचं दुसरं टोक मुलाच्या छातीत गेलं. ती गाडी त्यानं आणली होती. रविवारी दोन-चार फेऱ्या मारून 'येती तुमाला' असं त्यानंच म्हटलं होतं.

"म्हंजे मी मारलं आईला," तो म्हणाला.

सिद्धनाथनं 'न्हाय रं पोरा' असं म्हणायला हवं होतं. मी वाट पाहत होते. तो म्हणाला नाही. मुलाजवळ येऊन खाली मातीत बसला आणि माझ्या टायरकडे बघत राहिला. बापाला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं, असं मला वाटतं. त्या दिवसापासून बापलेकात कामापुरतं बोलणं उरलं आहे. युवराज फोन करतो, "जेवलात का?" विचारतो. सिद्धनाथ "व्हय" म्हणतो आणि फोन ठेवतो. घर त्या एका शब्दावर चाललं आहे.

ती पांढरी गाडी परत आली नाही. गाव तिला अजून शिव्या घालतं. मला विचाराल तर तिच्यात काही खोट नव्हती. पोरं आता त्याच गाडीवर शिकतात. त्यांच्या डाव्या पायाला कसलीच सवय नाही, ती सुखानं चालवतील. माझ्यासारख्या क्लचवाल्या गाड्या भंगारात जातील, त्याचंही मला दुःख नाही. लोखंड आहोत, कुठंतरी वितळूच. मला भंगारात घाला, पण मित्रांनो, त्याआधी एवढं ऐका.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही काहीतरी नवं आणून द्याल. मायेनंच द्याल. युवराजनंही मायेनंच दिलं होतं. पण हातापायांत जन्मभर मुरलेलं एका रविवारात निघत नाही. माणूस शिकल्यासारखा दिसतो, हसतो, चार फेऱ्या मारून दाखवतो, आणि जुनी सवय आत तशीच दबा धरून असते. तेव्हा त्याला येतं असं बघून लगेच उठू नका. रजा नसली तर काढा. आडवं काही येत नाही तोवर सगळ्यांनाच येतं. त्याच्या शेजारी बसा, मेंढरं येईपर्यंत बसा.