मथुराबाईंची एकोणीस गाणी

मित्रांनो, आर्णीच्या बाजारात विठ्ठलरावांचं सोयाबीन-तुरीचं दुकान आहे. तिथल्या कॅमेऱ्याच्या पेटीत मी राहते. मी एक जुनी हार्ड डिस्क. माझ्या पोटात एक चकती सतत फिरते आणि तिच्यावर मी सगळं लिहून ठेवते. पोत्यांची ने-आण लिहिणं आता माझ्या नशिबी आलं आहे, पण एके काळी माझे दिवस फार चांगले होते.

कारखान्यातून निघाले ती मी धर्मपालकाकांच्या टेबलावर आले. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, सगळ्यांचे कागद मी सांभाळले. "आपली मशीन दगा नाही देत," असं काका गिऱ्हाइकांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई. पण खरं सांगू? माझा जीव कागदांवर नव्हता, मथुराबाईंच्या गाण्यांवर होता. त्या काकांच्या पत्नी, बुद्धविहारात भीमगीतं म्हणायच्या. त्यांच्या मुलीने, मैत्रेयीने, मोबाइलवर त्यांची एकोणीस गाणी रेकॉर्ड करून माझ्यात ठेवली होती.

गेल्या वर्षी मथुराबाई गेल्या. मीही थकत चालले होते. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागे की रांगेतली माणसं चहा पिऊन परत येत. शेवटी काकांनी नवा घ्यायचं ठरवलं.

"काका, यात एसएसडीच टाका," दुरुस्तीवाला खेमसिंग म्हणाला. "बटन दाबलं का स्क्रीन हजर."

एसएसडी ही आमच्याच घराण्यातली, पण नव्या जमान्याची. तिच्यात काही फिरत नाही, आवाज नाही, धक्क्याबिक्क्याला ती घाबरत नाही. मला हेवा वाटला, पण निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. लहान घ्यावी की मोठी, यावर बराच खल झाला आणि काकांनी लहान घेतली.

"मंग जुनी बी आत राहू द्या. जागा हाय," खेमसिंग म्हणाला.

"नको बाप्पा. ते आता दम टाकून राह्यली. कधी बसन, भरोसा नाही. स्क्रीनवर दिसते ते सारं घे नव्यात."

खेमसिंगने तसंच केलं. नव्या स्क्रीनवर 'आईची गाणी' हे नाव उमटलं. पण ती नुसती पाटी होती, गाण्यांकडे नेणारा शॉर्टकट. गाणी माझ्यातच, दुसऱ्या कप्प्यात राहिली होती.

"एक गाणं लावून पाहा, काका."

काकांचा हात माउसवर गेला आणि मागे आला. "नको. चार लोकांत मले रडू येते. नाव दिसते नं, बस झालं."

मी आतून ओरडत होते, पण हार्ड डिस्कचं ओरडणं कोण ऐकतं! खेमसिंगने मला पुसून कोरं केलं आणि विठ्ठलरावांच्या कॅमेऱ्याला जोडलं.

सहा महिन्यांनी मथुराबाईंचं पहिलं पुण्यस्मरण आलं. विहारात त्यांचीच गाणी लावायचं ठरलं. आदल्या सकाळी मैत्रेयीने ते नाव दाबलं, तर आत काहीच नव्हतं. बापलेक खेमसिंगला घेऊन धावत दुकानात आले.

"विठ्ठलराव, त्या डब्यात मैत्रेयीच्या मायचा आवाज हाय," काका कसंबसं म्हणाले.

विठ्ठलरावांनी भर बाजाराच्या दिवशी कॅमेरे बंद केले. खेमसिंग मला घेऊन दुपारपर्यंत खटपट करत राहिला. मग त्याने मान खाली घातली.

"काका, इच्यावर रोज नवं लिहिणं चालू हाय. जुनं काहीच नाही उरलं."

"एका गाण्यात माय खोकलते अन् 'थांब वं, पुन्हा म्हणतो' म्हणते," मैत्रेयी म्हणाली. "तेवढं तरी पाहा नं, खेमसिंगभाऊ."

"त्याले कायले विचारतं, पोरी? मीच आयकून पाह्यलं नाही," काका म्हणाले आणि पोत्यावर बसून भर दुकानात हमसून हमसून रडले.

मला परत पेटीत बसवलं तेव्हाही ते तिथेच बसले होते. ते मी लिहून घेतलं. या कॅमेऱ्याला आवाज नाही, नुसतं चित्र. पंधरा दिवसांनी त्या चित्रावरही पोत्यांची ने-आण लिहिली गेली.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जुनं पुसण्याआधी नुसत्या नावावर विसंबू नका. उघडून पाहा, शेवटपर्यंत ऐका, डोळे भरून आले तर येऊ द्या. मला ती एकोणीसच्या एकोणीस गाणी तोंडपाठ होती हो. आज मथुराबाईंचं नाव तेवढं आठवतं, गाणं एकही आठवत नाही.