झुंबराखालची टाळी

पॅरिसच्या ऑपेरागृहात मोठ्या झुंबराच्या बरोबर खाली आमची जागा असायची. मी दिवसा कोट शिवायचो आणि संध्याकाळी पैसे घेऊन टाळ्या वाजवायचो. आमचा म्होरक्या बार्नाबे रुस्तां. कुठल्या अंकात टाळी द्यायची, कुठे हुंदका काढायचा, कुठे ‘पुन्हा एकदा’ म्हणून ओरडायचं, हे तो तालमींना बसून ठरवायचा. त्याने काठीची मूठ छातीशी नेली की आमचे हात उठायचे, आणि आमच्या मागोमाग सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की आपलं आपण वाजवायचं असतं हेच ते विसरले होते.

त्या हिवाळ्यात लियाँहून सेवरीन ओब्राक नावाची गायिका आली. नव्या ऑपेरात वेढा पडलेलं शहर होतं, घोडे होते, दुसऱ्या अंकात नाच होता, शेवटी मठाला आग लागायची. तिचं मोठं गाणं तिसऱ्या अंकात. तालीम संपल्यावर बार्नाबे रीतीप्रमाणे तिला भेटायला गेला. मी सोबत होतो.

“मामझेल, दुसऱ्या कडव्यानंतर जोरात टाळी देऊ का?”

“नको,” ती म्हणाली. “माझ्या गाण्याला तुमचा एकही हात उठता कामा नये.”

“रागावलात का?”

“नाही हो. लोकांना खरंच आवडतं का, ते मला बघायचंय. तुम्हाला नाही कधी वाटलं?”

बार्नाबेने वाकून तिचा निरोप घेतला. जिना उतरताना मला म्हणाला, “गास्तों, बाई वेडी आहे. पण आता मलाही बघायचंय.”

पहिल्या प्रयोगाला ती गायली, आणि आम्ही हात मांडीखाली दाबून बसलो. गाणं संपलं. कुठे काही नाही. वरच्या सज्जात कुणीतरी दोनदा टाळी वाजवली आणि ओशाळून थांबला. वादकांच्या प्रमुखाने आमच्याकडे पाहिलं, थोडी वाट पाहिली आणि पुढचं संगीत सुरू केलं. सेवरीन मान ताठ ठेवून आत गेली.

अंक संपल्यावर व्यवस्थापकाने बार्नाबेला बोलावून चांगलंच झापलं. बाहेर आलो तर बोळात सेवरीन उभी. तोंडावरचा रंग ओघळला होता.

“माझं गाणं पडलं ना?”

“ते मला नाही सांगता येत,” बार्नाबे म्हणाला. “मी गाणं ऐकतच नव्हतो, लोकांकडे बघत होतो. पण एक सांगू? एरवी बायकांच्या दुर्बिणी समोरच्या बॉक्सकडे असतात, कोण कुणासोबत आलंय ते बघायला. आज सगळ्या तुमच्याकडे होत्या. पंखेसुद्धा थांबले होते.”

“मग टाळ्या वाजवल्या का नाहीत?”

“आमची वाट बघत होते बिचारे.”

ती हसली आणि त्याच हसण्यात रडलीही. मग म्हणाली, “पुढच्या वेळी वाजवा. पण जरा उशिरा. तोवर बघू या काय होतं ते.”

दुसऱ्या प्रयोगाला गाणं संपलं तेव्हा बार्नाबेची काठी गुडघ्यावरच होती. शांतता ताणत गेली. काठी उचलायला त्याचं मनगट हललं, तेवढ्यात डाव्या बाजूने टाळी आली. खणखणीत, उघड्या हातांची. मग तिच्याशेजारून दुसरी आली, आणि बघता बघता सभागृह असं उसळलं की आमच्या टाळ्या आमच्याच कानांना ऐकू येईनात. सेवरीन झुंबराकडे बघत उभी राहिली. पडदा पडेपर्यंत तिला वाकून नमस्कार करायचंही सुचलं नाही.

बार्नाबेला मात्र चैन पडेना. “कोण होता तो?” आम्हा सगळ्यांना त्याने शपथा घालून विचारलं. बॉक्समधले लोक हातमोजे घालतात, त्यांची टाळी बसकी येते. म्हणजे ते नव्हेत. पुढचे कितीतरी प्रयोग तो डावीकडे तोंड करून बसायचा. टाळी रोज यायची, माणूस दिसायचा नाही.

शेवटी एकदा तो गाण्याच्या वेळी जागेवरून उठला आणि डाव्या बाजूच्या बोळात गेला. मी मागोमाग. तिथे मादाम पिगाश उभी होती. बॉक्सची दारं उघडायची आणि लोकांचे झगे सांभाळायचे, हे तिचं काम. खांद्यावर कुणाचा तरी फरचा झगा, दार किलकिलं केलेलं. गाणं संपलं तशी तिने दोन्ही हात दारातून आत घातले आणि कडाडून टाळी वाजवली.

“मादाम,” बार्नाबे म्हणाला, “हे तुम्ही?”

ती दचकली नाही. “मग काय करणार? त्या दिवशी गाणं संपलं तरी तुमच्याकडून हूं की चूं नाही. मला वाटलं, तुम्हाला डुलकी लागली. कुणीतरी वाजवायला नको?”

“म्हणजे गाणं आवडलं म्हणून नाही?” त्याने अगदी पडल्या आवाजात विचारलं.

मादामने झगा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“आवडलं म्हणूनच की. नसतं आवडलं, तर झोपू दिलं असतं तुम्हाला.”