वाळलेल्या थेंबाआड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझी जागा. अंगाचा रंग उडाला आहे, चाके कुरकुरतात. नजर मात्र अजून शाबूत आहे बरे का!

कारखान्यातून आलो तेव्हापासून मी ताईंच्या हाताखाली आहे. ताई म्हणजे इथल्या तंत्रज्ञ. त्या काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतात, जांभळ्या रंगाने रंगवतात, त्यावर तेलाचा थेंब टाकतात आणि माझे सर्वांत ताकदवान भिंग त्या तेलात टेकवतात. मग माझ्या आत एक उजेडाचे गोल तळे उघडते. त्यात गुलाबी रक्तपेशी पाकळ्यांसारख्या पसरलेल्या असतात. त्या बघता बघता मला गुंगी येते. यंत्रांना स्वप्ने पडत नाहीत असे लोक म्हणतात. म्हणू देत.

पुढे मोठे यंत्र आले. बटण दाबले की आकडे! सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि माझ्या डोक्यावर प्लास्टिकचे टोपडे चढले. ताईसुद्धा घाईघाईने एखादी काच बघून निघून जायच्या. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

अशात एक मेंढपाळ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिला सगळे पिटुकली म्हणत. ती कोकराला कुशीत घेऊन गोठ्यात झोपली होती, तेव्हा कानामागे गोचीड चावली. नंतर ताप सुरू झाला. तीन दिवस फणफणायची, आठवडाभर बरी असायची, की पुन्हा ताप. दोनदा रक्त तपासले, दोनदा काही सापडले नाही. पोर वाळत चालली होती.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा ताईंनी तिच्या गार कपाळाला हात लावला आणि थबकल्या.

"तापात का नाही आणत हो हिला?"

"तापात कशी आणू ताई? केवढा लांबचा रस्ता! उतरला की आणतो."

"अहो, गोचिडीतून येणारे काही जंतू ताप असतानाच रक्तात दिसतात. ताप उतरला की दडी मारतात. आता हिला थंडी वाजायला लागली, की तश्शी घेऊन या. मी इथेच आहे."

चार दिवसांनी मेंढपाळ धापा टाकत आला. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली पिटुकली, दात कडकडा वाजत होते. ताईंनी रक्त घेतले, काच रंगवली आणि माझे टोपडे काढले. आनंदाने मी उजेड आत घेतला, तर काय! सगळीकडे धुके. ताईंनी चाक फिरवले, पुन्हा फिरवले.

"काहीच दिसत नाही," त्या पुटपुटल्या आणि कागद पुढे ओढला.

लिहू नका हो ताई, मला ओरडायचे होते. पण मला तोंड कुठे आहे? एवढ्यात त्यांचाच हात थांबला. त्यांनी भिंग वळवून उजेडात धरले. त्यावर जुने तेल वाळून बसले होते.

"अगं बाई! मागच्या वेळी मीच पुसायला विसरले!"

त्यांनी मऊ कागदाने भिंग हळुवार पुसले आणि पुन्हा डोळा लावला. तळे निवळले. गुलाबी पाकळ्यांमध्ये एक बारीक, नागमोडी, जांभळा धागा पडला होता. शेजारी दुसरा. इतके सुंदर, आणि तेच त्या पोरीचे हाल करत होते.

"डॉक्टर, लवकर या!" ताईंनी हाक मारली.

औषध सुरू झाले. पहिल्या डोसाने ताप आधी भडकतो म्हणून डॉक्टर तिच्या उशाशीच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पिटुकलीने विचारले, "माझं कोकरू जेवलं का?" आणि मेंढपाळ रडायलाच लागला.

घरी जाताना तिने माझ्यात डोकावून पाहिले.

"मला तर नुसते काळे केस दिसतायत!"

"तुझ्याच पापण्या आहेत त्या, वेडाबाई. हं, आता बघ. हे तुझं आजचं रक्त."

पिटुकलीने पुन्हा डोळा लावला. "तुम्ही सांगितलेले ते धागे कुठे गेले?"

"गेले," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा चष्मा पुसला.

मित्रांनो, गोचीड चावली तर तो दिवस लिहून ठेवा आणि ताप आला की डॉक्टरांना सांगा. आणि माझ्यासारख्याशी कधी काम पडलेच, तर उठण्याआधी भिंग पुसा. एका वाळलेल्या थेंबाआड आमची पिटुकली हरवता हरवता राहिली.