साधनाची बोंब

कुरकुंभच्या एका औषध कंपनीतला मी मेल सर्व्हर बोलतोय. आज भंगाराच्या शेडमध्ये पडलोय, पण २००३ साली माझी ऐट बघायला हवी होती. माणसं प्लँटमध्ये घामाघूम व्हायची आणि मला मात्र स्वतंत्र एसी! जनरल मॅनेजरसुद्धा बाहेर बूट काढून माझ्या खोलीत यायचे.

काम दिसायला साधं, इकडची मेल तिकडं पोचवायची. पण दिल्लीच्या हेड ऑफिसनं मला आणखी एक खोड लावली होती. प्रत्येक मेलची एक प्रत मी गुपचूप ठेवून घ्यायचो, आणि स्ट्राइक, युनियन, लीक, बॉम्ब असले शब्द दिसले की दिल्लीला चहाडी करायचो. कामगारांना याचा पत्ताच नव्हता. लॅबमधल्या करिश्माला बघायला आलेला मुलगा किती बावळट होता, हेसुद्धा मला ठाऊक!

करिश्माची मैत्रीण साधना डिस्पॅचमध्ये होती. केडगावहून यायची, घरात कमावणारी एकटीच. पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची होती. कंपनीची बस केडगाव चौफुल्यावर थांबत नसे. बायकांना पार यवतला उतरून माघारी यावं लागे. शेवटी वैतागून साधनानं करिश्माला मेल केली, "होळीला समद्या जणी गेटवर बोंब मारू. त्याबिगर बस थांबायची न्हाई."

आता इंग्रजी कीबोर्डवर 'बोंब' कशी लिहिणार? बी, ओ, एम, बी!

माझं काम फक्त शब्द हेरायचं, अर्थ बघायचं नाही. केली चहाडी. दिल्लीत धरणीकंप झाला. दौंडहून पोलीस आले, पुण्याहून कुत्रं आलं. कुत्र्याला कँटीनमागं कुणाच्या तरी डब्यातली सुकट सापडली, ती त्यानं खाऊन टाकली.

माझ्या शेजारीच, प्लायवूडच्या भिंतीपलीकडं एचआरचे मेहरोत्रासाहेब बसत; फटीतून मला सगळं दिसे. त्यांनी साधनाला बोलावून मेलचा कागद पुढं केला.

"ये बॉम्ब किसने दिया?"

"बॉम्ब कुठला साहेब? ही बोंब हाय. शिमग्याची."

"मतलब?"

साधनानं पालथा हात तोंडावर नेला आणि अशी सणसणीत बोंब ठोकली की साहेबांचा चहा शर्टावर सांडला. पॅकिंगमधल्या बायकांनी बाहेरून लगेच साथ दिली.

साहेब हसत सुटले. "अच्छा, चिल्लाना है! लेकिन गेट पे नहीं, वरना कन्फर्मेशन भूल जाओ."

साधना हसली नाही. ती कागदाकडं बघत होती.

"साहेब, ही मेल म्या करिश्माला लिवली व्हती. तुमच्याकडं कशी आली? समद्यांच्या मेल वाचता व्हय तुम्ही?"

साहेबांनी कागद ओढून घेतला.

"माझं बाळ पोटातच गेलं, ते बी म्या तिला हितंच लिवलं व्हतं. ते बी वाचलं?"

साहेबांनी मान खाली घातली. ती मेल माझ्याकडं होती, बाकीच्या हजारो मेलसारखीच नीट जपलेली. मला फार लाज वाटली.

होळीच्या दिवशी बायका गेटवर जमल्या. साधना सगळ्यांच्या पुढं. बसचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. "वाचतोय रे वाचतोय, आमच्या मेल वाचतोय!" आणि मग बोंब. तेवढ्यात दिल्लीचा फोन आला.

"ये आवाज़ कैसी?"

"सर, बोंब है," मेहरोत्रासाहेब म्हणाले. पलीकडं फोन आपटल्याचा आवाज आला.

साधनाला कायम केलं नाही. तशी शिफारस साहेबांनी मेलवरच दिल्लीला धाडली आणि ती मीच पोचवली. बस मात्र चौफुल्यावर थांबू लागली.

त्यानंतर मला मनातलं कुणी काही लिहिलं नाही. 'सोबत फाइल जोडली आहे, कळावे' एवढंच. पुढं नवा सर्व्हर आला आणि मी इथं.

उद्या भंगारवाला येणार आहे. तो जुन्या डिस्क न पुसताच विकतो म्हणे. बाबांनो, माझी विकू देऊ नका. आधी हातोडा घ्या आणि तिचा चुरा करा. साधनाच्या बाळाची मेल अजून माझ्या पोटात आहे.