शब्दपिशवीतला सेल

शनिवारची सकाळची शाळा सुटत आली होती आणि तिसरीच्या वर्गात शब्दपिशवीचा खेळ रंगला होता. खेळ नुसरत बाईंनीच काढलेला. कापडी पिशवीत हात घालायचा, न बघता वस्तू चाचपायची आणि तिच्याबद्दल परिसर अभ्यासातला शब्द सांगायचा : खडबडीत, लवचीक, टणक. ज्या गटानं वस्तू ओळखली, त्या गटाकडे ती खेळ संपेपर्यंत राहायची. घोकलेले शब्द पोरं विसरत, पण हाताला लागलेले विसरत नसत.

वस्तू परत भरताना नुसरतच्या लक्षात आलं, रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल नाही. 'धातू' शिकवायला म्हणून तिनं तो आजच पिशवीत टाकला होता.

"सेल कुणाकडे आहे?"

दप्तरं झटकली, खिसे उलटे केले, सतरंजी उचलून पाहिली. सेल नाही. नुसरतच्या भाच्यानं एकदा असाच सेल तोंडात घातला होता, तेव्हा डॉक्टर वहिनीला केवढे ओरडले होते! तो गिळला असता तर घशात चिकटून आतून भाजलं असतं, तेही तासा-दोन तासांत.

आता ओरडलं तर ज्यानं गिळला असेल तो तोंडच उघडणार नाही. तिनं आवाज शांत ठेवला.

"बरं, शेवटचा डाव. सेल कसा होता, एकेकानं एकेक शब्द सांगा. एकदा आलेला शब्द परत नाही चालणार."

"गोल."

"चपटा."

"चकचकीत."

"गार, बाई."

राजेश्वरीची पाळी आली. ती भिंतीला टेकून बसली होती. सगळे शब्द संपले होते आणि तिला हरायचं नव्हतं.

"तुरट," ती हळूच म्हणाली.

वर्ग हसला. नुसरत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तोंडात घातला होतास?"

"गौरव वडत हुता माज्याकडनं. मी तोंडात लपीवला, आन् ग्येला." तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. "हितं दुखतंय."

नुसरतनं पवनानगरच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर भराभर बोलले : उलटी काढू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, मध मिळाला तर थोड्या थोड्या वेळानं दोन चमचे चाटवा, आणि इथं न थांबता सरळ तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे पोरं सोपवून तिनं राजेश्वरीला उचललं.

शाळेजवळच, गडाच्या पायथ्याशी, गावातल्या संदेशची जीप उभी होती. पर्यटकांना बसवत होता, त्यांना त्यानं उतरवलं. बाजूच्या टपरीवर गडावर येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या मधाची बाटली आणि चमचा नुसरतनं उचलला. तेवढ्यात राजेश्वरीचे आजोबा कोंडाजी बातमी ऐकून धावत आले. हातात केळ्यांची फणी होती.

"बाई, थांबा! केळं चारा तिला. आपसूक पडंल खाली. माज्या पोरानं नाणं गिळलंतं, दुसऱ्या दिशी भायेर आलं."

"आबा, हे नाणं नाही. सेल आहे. अडकला तर आतून जाळतो."

"नात माजी हाय!"

"म्हणूनच सांगते, चला आमच्याबरोबर. केळं नका देऊ."

राजेश्वरी तिच्या खांद्यावर खोकली. कोंडाजींनी तिच्याकडे पाहिलं, केळी टपरीच्या फळीवर टाकली आणि जीपमध्ये चढले.

रस्ता अरुंद, त्यात शनिवार. धरणाकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्यांची समोरून रांग. बेडसे गावाच्या अलीकडे एक बस आणि दोन मोटारी एकमेकींत अडकून उभ्या होत्या. संदेश हॉर्नवरचा हात काढेना. शेवटी कोंडाजीच खाली उतरले, पटका सोडून हलवत, शिव्या घालत त्यांनी मोटारी मागं रेटायला लावल्या. आत नुसरत चमचा धरून होती. मध चाटताना राजेश्वरी रडायची, आणि रडू थांबलं की नुसरतला जास्त भीती वाटायची.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रेत तो दिसला : अन्ननलिकेत अडकलेली पांढरी चकती. तिला लगेच आत नेलं. बाकावर कोंडाजी आणि नुसरत एक जागा सोडून बसले.

डॉक्टर बाहेर आल्या. "काढलाय. थोडं भाजलंय, पण वेळेत आणलंत. काही दिवस इथंच राहू दे."

कोंडाजींनी डोळे पुसले. मग त्यांनी फोन काढून मुलाला, राजेश्वरीच्या बापाला, लावला. तो चाकणला कंपनीत कामाला होता.

"शाळंतच गिळला रं. बाईंच्या पिशवीतला हुता... व्हय, बाईंनीच आनला खेळायला... आरं, बाईच घिऊन आल्या हितं. म्या केळं चारनार हुतो..."

पलीकडचा आवाज चढला, नुसरतपर्यंत पोचला. कोंडाजींनी फोन कानापासून लांब धरून तिच्याकडे पाहिलं. "लय तापलाय. मी समजावतो."

"द्या, आबा."

"नगं, बाई. आता नगं."

तिनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मी नुसरत, तिची बाई. राजेश्वरी बरी आहे, सेल काढलाय. तो पिशवीत मीच ठेवला होता. मी इथंच आहे, तुम्ही या."