ताऱ्याला फोडून निघालेला झोत

मी झोत बोलतोय. बागेतल्या नळीचा नव्हे, मरता मरता एका अवाढव्य ताऱ्याने ओकलेला.

तो तारा माझा बाप. वजनाने सूर्याच्या तीसपट, आणि मिजास त्याहून मोठी! जपून जळायचं सोडून सगळं इंधन उधळलं आणि लवकर संपला. पोटातला गाभा क्षणात कोसळून कृष्णविवर झाला, तरी वरचं अंग झगमगतंच आहे. घरातला कर्ता गेलाय आणि बाहेरच्या खोलीत पत्ते चालू, त्यातली गत.

त्या विवराभोवती गरगरणाऱ्या वायूतून आम्ही दोघं जुळे भाऊ दोन टोकांनी सुटलो. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बापाला भोकं पाडून बाहेर आलो. तेव्हा माझ्यातून काही सेकंद गॅमा किरण उसळले, त्यालाच तुम्ही गॅमा किरणांचा स्फोट म्हणता. पुढे अवकाशातल्या वायूवर आदळून मी उजळलो, पण ती झळाळीही भराभर विझते. शिवाय मी अरुंद. ज्याच्या रोखाने येतो, त्यालाच दिसतो.

कोट्यवधी वर्षांनी माझा उजेड पोचला, तो कुणाच्या दारी? एका वेधशाळेच्या. संध्याकाळी माझे गॅमा किरण टिपून उपग्रहाने इशारा धाडला, तर वेधशाळेतली इशाऱ्याची घंटा बंद! कारण प्रमुखांची मीटिंग होती. विषय, आपले इशारे का चुकतात? डोंबल तुमचं! माणसांचे फोनसुद्धा दाराबाहेर टोपलीत.

टोपलीत फोन थरथरला. आत एका संशोधक मुलीने कान टवकारले. आकाशात माझी नेमकी जागा सापडली, तरच तिथे फुटलेल्या ताऱ्याचा काही दिवसांनी वाढणारा उजेड पुढे कुठल्याही दुर्बिणीने शोधता येणार होता. त्यावर तिचं सगळं संशोधन टांगलेलं, आणि दुर्बीण तिच्या हाती आजच्यापुरतीच.

"सर, इशारा आलाय. जाऊ?"

"बस गं. परवाही असाच खोटा निघाला. चहा तरी येऊ दे."

"चहा येईपर्यंत विझेल तो उजेड!"

"मग दुसरा येईल."

दुसरा येईल म्हणे! मी काय बस आहे?

ती खुर्ची सरकवून तडक निघाली. दुर्बीण वळवली. पडद्यावर मी उमटलो, फिकट ठिपका. तिला रडूच फुटलं.

मागून कप घेऊन प्रमुख आले. "वा! आपल्या मीटिंगचा उपयोग झाला म्हणायचा."

ऐकलंत? आता मी विझतोय, येतो. तुम्हाला शहाणं करायची मला हौस नाही. त्या पोरीच्या वाटेतून तेवढे बाजूला व्हा.